डोकं पाण्यात गेलं की आवाज बंद का होतो, आणि पोहताना ऐकायचंच असेल तर काय करावं

धुळ्याच्या एका भाऊंनी विचारलं आहे. गुडघ्यांसाठी डॉक्टरांनी चालणं कमी करून पोहायला सांगितलं. २५ मीटरच्या तलावात हळूहळू ४० लेंथपर्यंत मजल गेली, पण आता भिंत ते भिंत करताना जाम कंटाळा येतो. म्हणून 'वॉटरप्रूफ, आयपीएक्स ७' असं खोक्यावर छापलेले ब्लूटूथ इअरबड घेतले, फोन काठावरच्या बाकावर ठेवला, आणि डोकं पाण्यात घातलं की आवाज गायब. दुकानदार म्हणतो माल चांगला आहे. मग आता घ्यायचं काय, कथा-कादंबऱ्या ऐकता येतील का, आणि १२ वर्षांची मुलगी जिल्हा स्पर्धेची तयारी करते, तिलाही असं काही हवंय, तर द्यावं का?

भाऊ, दुकानदार खरं बोलतोय. तुमचे इअरबड बिघडलेले नाहीत. मी जळगावात सकाळच्या मोठ्यांच्या बॅचला बरीच वर्षं शिकवतो, आणि हीच तक्रार घेऊन दर उन्हाळ्यात कुणी ना कुणी येतंच. ब्लूटूथ चालतं २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींवर. मायक्रोवेव्ह ओव्हनही याच पट्ट्यात चालतो, आणि या लहरी पाणी सहज शोषून घेतं. हवेत दहा मीटर जाणारा सिग्नल पाण्यात काही सेंटीमीटरमध्ये संपतो. त्यामुळे फोन बाकावर ठेवा, काठावर ठेवा, नाहीतर प्लास्टिकच्या पिशवीत घालून कमरेला बांधा, फरक पडणार नाही. कान आणि कंबर यांच्यामध्ये जेवढं पाणी आहे तेवढं पुरेसं आहे.

तरी काही जण म्हणतात, "सर, माझं तर मधूनमधून ऐकू येतं." अशा माणसाला मी आधी विचारतो, पोहायला कुठे शिकलात? उत्तर बहुधा 'मळ्यातल्या विहिरीत' असं असतं. पाठीला डबा बांधून विहिरीत शिकलेली आपल्याकडची पिढी डोकं वर ठेवूनच हात मारते. कान हवेत असला की सिग्नल मिळतो, पाण्यात गेला की तुटतो. म्हणजे ब्लूटूथ चालत असेल तर तुमची मान चुकीच्या जागी आहे, एवढं त्यावरून नक्की कळतं.

एक जुगाड मात्र चालतो. ज्यांच्या मनगटी घड्याळात गाणी साठवता येतात, ते लोक घड्याळ गॉगलच्या पट्ट्याला बांधून टोपीच्या आत, कानाच्या अगदी शेजारी ठेवतात. अंतर दोन-चार सेंटीमीटर उरतं, सिग्नल टिकतो. पण तेवढ्या किमतीचं घड्याळ डोक्यावर बांधून पोहणं मला काही पटत नाही.

सरळ रस्ता एकच: ज्या यंत्राच्या आतच फाइल साठवता येते असं घ्यायचं. बाहेरून काहीच यायला नको. ते कॉम्प्युटरला लावलं की पेन ड्राइव्हसारखं दिसतं, त्यात एमपी३ टाकायच्या, काढायचं, कानाशी लावायचं. शॉक्झचं ओपनस्विम, फिनिसचं डुओ, सोनीच्या पोहण्यासाठीच्या वॉकमनपैकी काही मॉडेल ही सगळी याच जातीची, आणि त्यांत ४ जीबी जागा ही जुनी नेहमीची मापं. ४ जीबी कमी वाटेल, पण हिशेब करा. बोलण्याची फाइल ६४ केबीपीएसला, म्हणजे सेकंदाला ६४ किलोबिटला, ठेवली तर तासाला २९ एमबीच्या आत बसते. म्हणजे शंभराहून जास्त तास. रोज अर्धा-पाऊण तास पोहणाऱ्याला ते चार-पाच महिने तरी सहज पुरतं. जास्त जागेसाठी जास्त पैसे मोजू नका. त्याऐवजी बटणं बोटाला नीट कळतात का ते बघा, कारण पाण्यात स्क्रीन नसते आणि बोटं सुरकुतलेली असतात.

घेताना खोक्यावरचा आकडा नीट वाचायला हवा. आयपीएक्स ७ म्हणजे स्थिर, गोड्या पाण्यात १ मीटर खोल, ३० मिनिटं. क्लोरीनचं पाणी, भिंतीला लाथ मारून सुटणं, रोज तासभर, यांपैकी काहीच त्या चाचणीत नसतं. पोहायला आयपीएक्स ८ किंवा आयपी ६८ हवं, आणि कंपनीने किती खोलीला किती वेळ म्हटलंय ते बारीक अक्षरात वाचायला हवं. हा आकडा कंपनीगणिक बदलतो, कारण ८ चा अर्थच '१ मीटरच्या पुढे, कंपनी सांगेल तेवढं' असा आहे.

आता जरा गणित, कारण याच ठिकाणी आपल्या भागात यंत्रं मरतात. साधं पोहताना पाण्याचा जो मारा बसतो तो फार नसतो. सेकंदाला दीड मीटर वेगाने गेलात, म्हणजे तुमच्या-माझ्यापेक्षा बरंच जोरात, तरी समोरून येणारा जादा दाब जेमतेम ११-१२ सेंटीमीटर पाण्याएवढा. पण उडी मारली की गोष्ट वेगळी. जितक्या उंचीवरून पडाल, जवळजवळ तितक्याच खोलीच्या पाण्याएवढा दाब पहिल्या धडकेला समोरच्या भागावर येतो. विहिरीच्या काठावरून पंधरा फुटांचा सूर मारलात तर पाण्याला लागताना वेग तासाला ३४ किलोमीटरच्या आसपास असतो, आणि क्षणभर का होईना, साडेचार मीटर खोलीचा दाब यंत्राच्या सांध्यांवर बसतो. २ मीटरचा दाखला असलेलं यंत्र तिथे गेलंच म्हणायचं. शिवाय ते डोक्यावरून निसटून तळाला जाईल ते वेगळं. यंत्र लावलेलं असताना शिडीने उतरा. सूर, मुटका, काही नाही.

प्रकार दोन. एक कानात घट्ट बसणारे, दुसरे हाडातून ऐकवणारे.

कानात बसणाऱ्यांचा आवाज चांगला असतो, पण बसले तरच. रबरी बोंडाच्या मागे हवेचा लहानसा कप्पा राहतो आणि आवाज त्या हवेतून पडद्यापर्यंत जातो. त्या कप्प्यात थेंबभर पाणी शिरलं की सगळं शेजारच्या घरातलं बोलणं ऐकल्यासारखं पुटपुटतं. म्हणून ते कोरड्या कानात, पाण्यात उतरण्याआधी, कानाची पाळी मागे-वर ओढून बसवावे लागतात, आणि एकदा बसवले की हात लावायचा नाही. भिंतीपाशी कोलांटी घेऊन वळणाऱ्यांचे ते हमखास सैल होतात. आणखी एक गोष्ट विक्रेता सांगत नाही: तो हवेचा कप्पा बंद असतो, आणि तलावाच्या खोल बाजूला तळाला गेलात तर बाहेरचा दाब वाढतो, आतला तेवढाच राहतो. कानाच्या नळीत ठणका लागतो, कधी आतली त्वचा दुखावते. तळाची नाणी वेचायचा खेळ तेव्हा नको.

हाडातून ऐकवणारे गालफडाच्या वरच्या हाडावर, कानाच्या जरा पुढे टेकतात. ते हाडाला कंप देतात, कवटीतून तो कंप आतल्या कानाला पोचतो, बाहेरचा कान मोकळा राहतो. हवेत हा आवाज जरा किरकिरा, पातळ वाटतो आणि लोक दुकानात लावून बघतात व नाक मुरडतात. पाण्यात तोच भरीव लागतो. कारण पाण्यात गेल्यावर आपण असेही हाडानेच ऐकत असतो. हवेतला आवाज पाण्याच्या पृष्ठभागावर आपटून जवळजवळ सगळा परत जातो, हजारातला एखादा भाग खाली उतरतो. म्हणून काठावरच्या स्पीकरवरची गाणी बुडी मारली की ऐकू येत नाहीत. उलट पाण्याच्या आतच निघालेला आवाज आपल्या अंगात सहज शिरतो, कारण मांस आणि पाणी यांचा जातकुळीचा फरक आवाजाच्या हिशेबाने फारसा नाही. आर्टिस्टिक स्विमिंगच्या मुली, म्हणजे १९८४ पासून ऑलिम्पिकमध्ये असलेला तो पूर्वीचा सिंक्रोनाइज्ड प्रकार, संगीताच्या ठेक्यावर उलट्या पाय वर करून फिरतात त्या तलावात बुडवलेल्या स्पीकरवर. त्यांच्या कानाला काहीही लावलेलं नसतं.

माझा कौल हाडवाल्यांना. आवाज थोडा कमी-जास्त असेल, पण पहिल्या दिवसापासून चालतो आणि रबरी बोंडाचं माप शोधत बसावं लागत नाही. दर दिवशी कटकट असलेलं यंत्र आठवड्यात कपाटात जातं, हे मी बॅचमध्ये पाहत आलोय. स्वस्तातले बिननावाचे दोन-तीन हजारांत दिसतात. त्यांतले काही टिकतातही, पण सील गेलं की जळगावात काय आणि पुण्यात काय, उघडून दुरुस्त करणारा सापडत नाही, कारण ती उघडायची वस्तूच नाही. म्हणून वॉरंटीत 'पाण्यात वापरल्यास लागू नाही' असं वाक्य लपलेलं नाही ना, एवढं पाहून मगच पैसे द्या.

हाडवालं यंत्र घेतल्यावर त्यासोबत साधे सिलिकॉनचे इअरप्लगही घ्या. ऐकायचं यंत्र आणि वर कानात बोळे, हे ऐकून लोक हसतात. पण कारण आहे. फ्रीस्टाइलमध्ये श्वासाला मान वळवली की एक कान पाण्याबाहेर येतो, त्यातलं पाणी सांडतं, आणि त्या क्षणी आवाजाचा पोत बदलतो. पुन्हा बुडला की पुन्हा वेगळा. तीन-चार हातांमागे एकदा असं होत राहिलं की वाक्याचा धागा सुटतो. प्लग लावला की कान आत असो वा बाहेर, आवाज एकसारखा राहतो, खालचे सूर जास्त भरतात, आणि आवाज दोन-तीन टप्पे कमी ठेवूनही काम भागतं. ज्यांच्या पडद्याला भोक आहे, कान वाहतो, किंवा मळ घट्ट बसलाय, त्यांनी मात्र कानाच्या डॉक्टरांना दाखवून मगच काही करावं. आणि पोहण्याआधी कानात कोमट तेल सोडायची आपल्या घरोघरची रीत इथे बंद करा. कानाचे डॉक्टरही ती नको म्हणतात, आणि तेलकट कानात प्लग टिकत नाही.

बसवण्याची रीत थोडक्यात. आधी गॉगल, मग यंत्र, त्यावर टोपी कानांवरून खाली ओढलेली. सिलिकॉनची घट्ट टोपी कापडी टोपीपेक्षा बरी, ती यंत्राची टेकणी, म्हणजे हाडाला टेकणारा भाग, नीट दाबून धरते. दाब जितका नेमका, आवाज तितका स्पष्ट. आवाज कमी वाटला तर बटण दाबण्याआधी टेकणी पाव इंच पुढे-मागे सरकवून बघा. गॉगलचा पट्टा टेकणीच्या खाली अडकू देऊ नका. मानेमागून जाणारी कमान असेल तर डोकं वर धरून पोहणाऱ्याला ती पाठीला टोचत राहते, म्हणून म्हणतो, मान आधी सुधारा. नजर खाली तळाच्या रेषेवर, डोक्याचा मागचा भाग पाण्याच्या पातळीला. तुमच्या गुडघ्यांनाही ते चांगलं: डोकं वर असलं की कंबर खाली जाते आणि पाय जास्त मारावे लागतात.

आता मुख्य गोष्ट, जी यंत्रापेक्षा महत्त्वाची आहे आणि जिच्यावर कुणी वेळ घालवत नाही: फाइल.

पाण्यात तुमच्या कानाशी सतत गोंगाट असतो. नाकातोंडातून सुटणारे बुडबुडे, हात शिरताना होणारा आवाज, पायांची धपधप. या गोंगाटात संगीत तगून जातं, कारण ओळखीच्या गाण्याचा तुटलेला तुकडा मन आपोआप भरून काढतं. बोलणं तसं तगत नाही. म्हणून बरेच जण दोन दिवस गोष्ट ऐकायचा प्रयत्न करतात, 'काही समजत नाही' म्हणतात आणि परत गाण्यांकडे वळतात. मला विचाराल तर गाणी पंधरा मिनिटांत कंटाळा आणतात; ४० लेंथ खऱ्या अर्थाने कापते ती गोष्ट. पण ती गोष्ट पाण्यासाठी तयार करावी लागते.

मोबाइलच्या अ‍ॅपमध्ये 'डाउनलोड' केलेली पुस्तकं, गाणी यात चालणार नाहीत, हे आधीच सांगतो. ती फाइल कुलूपबंद असते, त्या अ‍ॅपबाहेर उघडत नाही. लागते ती मोकळी एमपी३. बरीच पॉडकास्ट त्यांच्या फीडवरून एमपी३ म्हणून उतरवता येतात, काही प्रकाशक थेट फाइल विकतात, कीर्तन-प्रवचनांच्या जुन्या सीडी घरात पडलेल्या असतात. आणि सगळ्यात दुर्लक्षित माल म्हणजे घरचा आवाज. आमच्या बॅचमधले एक निवृत्त रेल्वेवाले भुसावळहून येतात. त्यांच्या आईने अहिराणीत सांगितलेल्या जुन्या गोष्टी त्यांनी फोनवर रेकॉर्ड करून ठेवल्या होत्या, त्याच ते पोहताना ऐकतात. भिंतीपाशी थांबून एकटेच हसत असले की बाजूच्या लेनमधून कुणीतरी विचारतंच, "काय ऐकी ऱ्हायना भाऊ?"

फाइल मिळाली की ऑडेसिटी नावाचं फुकट सॉफ्टवेअर घ्या आणि चार गोष्टी करा. स्टीरिओचं मोनो करा, कारण श्वासाला वळताना एक बाजू हलली तर तिच्यातला आवाज हरवायला नको. मग कंप्रेसर लावा. कथावाचक कुजबुजतो, मग ओरडतो; खोलीत ते छान वाटतं, पाण्यात कुजबुज बुडते आणि ओरडणं टोचतं. कंप्रेसरने दोन्ही एका पातळीला येतात. नंतर इक्वलायझरमध्ये, म्हणजे जाड-बारीक सूर वेगवेगळे कमी-जास्त करायच्या जागी, १०० हर्ट्झच्या खालचं काढून टाका, आणि २ ते ४ हजार हर्ट्झचा भाग थोडा उचला. शब्दांची व्यंजनं, क-ट-त-प वेगळे कळणं, बरंचसं त्या पट्ट्यात असतं, आणि पाण्यात पहिल्यांदा तेच हरवतं. वाचक भरभर बोलणारा असेल तर वेग जरा उतरवा, ९० टक्के. काठावर ऐकताना तो झोपाळू वाटेल, पाण्यात बरोबर लागेल.

चौथी गोष्ट म्हणजे तुकडे. तासाभराची एकच फाइल टाकू नका. धागा सुटला की मागे जायचं तर बटणाने थेट सुरुवातीला जाल. पाच-पाच मिनिटांचे तुकडे करा आणि नावाच्या सुरुवातीला ००१, ००२ असे आकडे द्या. तरी काही यंत्रं नावाचा क्रम पाळत नाहीत, ज्या क्रमाने फाइली आत गेल्या तोच धरतात. तेव्हा एक-एक करून किंवा क्रमाने निवडून कॉपी करा, नाहीतर तिसऱ्या प्रकरणातला मेलेला माणूस पाचव्यात जेवायला बसतो.

काय निवडावं? एकच आवाज, सावकाश, मागे संगीत नाही. नाटक, चार पात्रांची श्रुतिका, पार्श्वसंगीताने भरलेल्या भयकथा पाण्यात खिचडी होतात. भजन-कीर्तनात एक गंमत आहे: मृदंग पोचतो, टाळ बुडबुड्यांत मिसळून जातात, बुवांचा निरूपणाचा भाग उत्तम ऐकू येतो. अहिराणीतली विनोदी जुगलबंदी मला फार आवडते, पण ती इतक्या झपाट्याने चालते की पाण्यात निम्मे टोले हुकतात. आधी एकदा वाचलेलं पुस्तक सुरुवातीला घ्या. गाळलेले शब्द मन भरून काढतं आणि सवय झाली की नवीनकडे जाता येतं.

श्वासही जरा बदलावा लागतो. बरेच जण तोंड पाण्यात असताना श्वास रोखतात आणि वर येण्याआधी एकदम फुर्रकन सोडतात. त्या स्फोटात दोन शब्द जातात. नाकातून बारीक, सलग धार सोडत राहा. आवाज कमी होतो, दमही कमी लागतो. पोहायला शिकवताना मी हेच शंभरदा सांगतो आणि लोक ऐकत नाहीत. कादंबरीतले शब्द हुकायला लागले की आपोआप करतात.

गोष्ट ऐकताना लेंथची मोजणी हमखास चुकते. ती सोडून द्या आणि वेळेवर पोहा. सहा तुकडे म्हणजे अर्धा तास. नाहीतर स्वतःच्या आवाजाची फाइल करा, ही माझी आवडती युक्ती. समजा तुमची एक लेंथ आरामात ४० सेकंदांत होते. पाच मिनिटं गोष्ट, मग तुमचाच आवाज: 'आता ४ लेंथ फक्त पाय, बोर्ड घे', मग दर ४० सेकंदांनी एक 'टिक'. टिक ऐकू आली तेव्हा भिंतीला हात लागला पाहिजे. आधी पोचलात तर घाई होतेय, नंतर पोचलात तर ढिलाई. याच चालीने ४० लेंथ २६ मिनिटं ४० सेकंदांत होतात. असा टिकटिक करणारा छोटा वेगळा डबाही मिळतो, टोपीखाली ठेवायचा, पण फाइल असेल तर त्याची गरज नाही.

तंत्र सुधारायचं असेल त्या दिवशी मात्र सगळं काढून ठेवा. हात पाण्यात नीट शिरला की आवाज जवळजवळ होत नाही, हवा ओढत शिरला की खळखळ होते. लाथ बरोबर असली की मंद घुमतं, चुकली की फटफट होतं. हे ऐकूनच माणूस सुधारतो आणि ते ऐकू आलं नाही तर मी काठावरून कितीही ओरडलो तरी उपयोग नाही. मी मोठ्यांना सांगतो, सुरुवातीच्या आणि शेवटच्या लेंथ उघड्या कानाने, मधला लांबलचक कंटाळवाणा पट्टा गोष्टीला.

उन्हाळ्याबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण यंत्रांची माहितीपत्रकं मे महिन्यातलं खान्देश डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेली नसतात. पारा ४५ च्या वर गेलेला असताना पोहून आल्यावर यंत्र स्कूटरच्या डिकीत टाकून ऑफिसला जाल तर आतली लिथियम बॅटरी भाजून निघते. अशा बॅटऱ्या साधारण ४५ अंशांच्या वर चार्ज करू नयेत असंच असतं, आणि तापलेल्या डिकीत तापमान त्याहून कितीतरी वर असतं. पिशवीत, सावलीत, घरी. चार्जिंग रात्री, खोली गार झाल्यावर. कडक उन्हात तलावातलं क्लोरीन लवकर उडतं, म्हणून उघड्या तलावांत त्या दिवसांत मात्रा जास्त टाकतात, आणि बहुतेक ठिकाणी पाणी बोअरचं, क्षाराचं. दोन्ही मिळून चार्जिंगच्या पिनांवर पांढरट थर धरतात. पोहून झालं की फिल्टरच्या पाण्याने धुवा, मऊ ब्रशने पिना पुसा, पूर्ण वाळू द्या. ओल्या पिनांना चार्जर लावला की त्या गंजतात, आणि यंत्र बंद पडण्याचं हे एक नेहमीचं कारण आहे.

मे महिन्याच्या सुट्टीत संध्याकाळच्या बॅचला यंत्र लावू नका. लेनचे दोर काढलेले, पोरं कुठूनही सूर मारतात, आणि तुम्हाला कुणाची हाक जाणार नाही. लाइफगार्डची शिट्टी हवेतली असल्याने बुडलेल्या कानाला ती असंही अंधुकच पोचते. आणि आली तरी पाण्यात दिशा कळत नाही: तिथे आवाज हवेपेक्षा चौपटीहून जास्त वेगाने, सेकंदाला दीड किलोमीटरच्या आसपास धावतो, दोन्ही कानांना जवळजवळ एकाच वेळी पोचतो, म्हणून सगळीकडून आल्यासारखा वाटतो. सकाळच्या बॅचला, कडेच्या लेनमध्ये, लाइफगार्डला आधी सांगून. तलावाचा नियमच नाही म्हणत असेल तर विषय संपला. तापी, गिरणा, पांझरा, वाघूर किंवा हतनूरचं धरण, मळ्यातली विहीर, इथे अजिबात नको. मोटर सुरू झाल्याचा आवाज, काठावरच्या माणसाचं ओरडणं, होडीचं इंजिन, तिथे जीव वाचवणारं जे काही आहे ते कानांवाटेच येतं.

राहिला मुलीचा प्रश्न. लंडनच्या ब्रुनेल विद्यापीठातल्या कॉस्टास कारागिओर्गिस यांच्या गटाने २०१३ मध्ये विद्यार्थी जलतरणपटूंवर प्रयोग केला होता, त्यात संगीत ऐकत २०० मीटर फ्रीस्टाइल पोहणाऱ्यांची वेळ थोडी सुधारली. ती हे कुठेतरी वाचून तुम्हाला दाखवेल, म्हणून आधीच सांगून ठेवतो. पण स्पर्धेत हे चालत नाही. वर्ल्ड अ‍ॅक्वाटिक्सच्या, म्हणजे पूर्वीच्या फिनाच्या, पोहण्याच्या जागतिक संघटनेच्या, नियमांत वेगाला किंवा दमाला मदत करणारं कुठलंही साधन आणि चाल लावून देणारी कुठलीही युक्ती मना आहे. सरावात ठेक्याची सवय लागली आणि स्पर्धेच्या दिवशी ठेका नसला तर पहिल्या ५० मीटरमध्येच तिची चाल बिघडेल. १२ व्या वर्षी तिला भिंतीवरचं घड्याळ बघून स्वतःची चाल स्वतः ओळखता आली पाहिजे, आणि दोन सेटच्या मधल्या दहा-पंधरा सेकंदांत कोच जे सांगतात ते ऐकू आलं पाहिजे. तिला सध्या घेऊ नका. फार हट्ट धरला तर आठवड्यात एकदा, कोचना विचारून, फक्त टिकटिकची फाइल द्या, तीही ती ठरवेल त्या नव्हे तर कोच देतील त्या सेकंदांची. आणि तुमचे ते आयपीएक्स ७ वाले इअरबड तिला देऊन टाका, शाळेच्या बसमध्ये उत्तम चालतील.